मुळगुंद सरांचा झिरो

"माझं रक्त घे आणि विषय संपव," रेश्मा मुजावर म्हणाली आणि तिनं ॲप्रनची बाही कोपरापर्यंत वर सारली.

"सरांना विचारायला हवं."

"सर मुंबईत समितीवर आहेत. समितीवर असताना ते फोन उचलत नाहीत, कारण समितीवर असताना ते झोपलेले असतात. तुझ्या प्रबंधाची मुदत किती दिवस राहिली?"

"एकोणीस."

"मग?"

मी आरोग्य केंद्रातल्या कुंभोजकर सिस्टरांना बोलवायला गेलो. बुधवारची सकाळ होती.

आम्ही दोघं विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात डॉ. भालचंद्र मुळगुंद यांचे संशोधक विद्यार्थी होतो. मी पाचव्या वर्षात, ती तिसऱ्या. काम सांगायला सोपं होतं. हृदयावर ताण पडू लागला की ते रक्तात एक पेप्टाइड सोडतं. ताण जितका जास्त, तितकं पेप्टाइड जास्त. आम्ही नखाएवढ्या काचेवर सोन्याच्या कांड्या बसवायचो. त्या इतक्या सूक्ष्म की पाच वर्षांत मला त्या सोन्याचा मोह एकदाही झाला नाही. त्यांच्यावर पॉलिमरचा लेप, आणि लेपात नेमके त्या पेप्टाइडच्या मापाचे खड्डे. पेप्टाइड खड्ड्यात जाऊन बसलं की सोन्यावरून परतणाऱ्या प्रकाशाचा रंग किंचित सरकायचा. किती सरकला ते यंत्र सांगायचं. माणसाला धाप लागण्याआधी त्याच्या हृदयाची अवस्था कळेल, असा आमचा दावा होता. म्हणजे सरांचा. मी अजून दावा करायच्या हुद्द्याला पोचलो नव्हतो.

मोजायचं तर शून्य लागतं. निरोगी माणसाचं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहतं ते पिवळसर पाणी, आधी यंत्राला द्यायचं, त्या आकड्याला झिरो म्हणायचं आणि रुग्णाच्या आकड्यातून तो वजा करायचा. असं सीरम बाहेरून मागवलं की ते बर्फात यायचं आणि आमच्या आवक विभागात सही-शिक्क्याच्या प्रतीक्षेत चार दिवस खिडकीतल्या उन्हात बसायचं. दोनदा असं झाल्यावर सरांनी स्वतःच बाही वर केली होती. "निरोगी माणूसच हवा ना? हा घ्या."

ह्यावर वाद घालणं शक्य नव्हतं. सर चहा घेत नसत. लिफ्टमध्ये पाऊल ठेवत नसत. दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना घेऊन गड चढत आणि सोमवारी, मागे राहिलेल्यांची नावं विभागाच्या फळ्यावर लिहीत. एकोणसाठाव्या वर्षी त्यांच्यासारखा माणूस विद्यापीठात दुसरा नाही, असं सगळे म्हणत. सगळ्यांत आधी सर म्हणत. दर आठ महिन्यांनी सिस्टर येऊन त्यांचं रक्त काढत, आणि सीरमच्या नळ्यांवर सर आपल्या अक्षरात लिहीत: झिरो-१, झिरो-२. त्या बुधवारी झिरो-७ संपत आला होता. नळीच्या तळाशी दोन-चार थेंब.

माझं रडगाणं असं होतं की पहिल्या वर्षी झकास चालणारा सेन्सर पुढे पुढे मंद होत गेला. शेवटच्या सहामाहीत तर हृदय रुग्णालयातून आलेल्या पक्क्या रुग्णांपैकी निम्म्यांचे आकडे शून्याच्या खाली जायला लागले.

"उणे?" सर म्हणाले होते. "आवटी, म्हणजे ह्या माणसाच्या रक्तात पेप्टाइड नाही, त्याहूनही कमी आहे? हे कसं काय जमवलंस?"

"लेप नीट बसला नसेल, सर."

"मग नीट बसव."

मी एकोणतीस वेळा लेप बसवला होता.

त्या दिवशी रेश्माचं सीरम झिरो म्हणून लावलं आणि तेच जुने रुग्ण पुन्हा मोजले. दुपारी चारपर्यंत सगळे उणे आकडे वर आले आणि रुग्णालयानं दिलेल्या आजाराच्या पायऱ्यांप्रमाणे शिस्तीत ओळीनं उभे राहिले. मी आनंदानं खुर्चीवरून उठलो. रेश्मा उठली नाही. ती आलेखाकडे बघत होती.

"झिरो-सातचे थेंब आहेत ना?"

"आहेत."

"ते रुग्ण म्हणून लाव."

"सरांचे?"

"थेंबांना नाव नसतं. लाव."

मी लावले. तो बिंदू रुग्ण क्रमांक एकोणतीस आणि बत्तीस यांच्या मधोमध जाऊन बसला. ते दोघेही रक्त दिलं त्या दिवशी रुग्णालयात भरती होते.

मग आम्ही डीप-फ्रीजरमधून आधीच्या सहाही झिरोंची उरलीसुरली नळकांडी काढली आणि साडेसहापर्यंत सगळी मोजली. सात बिंदू. पहिला तळाशी, दुसरा जरा वर, तिसरा त्याहून वर. मी पट्टी ठेवून रेघ ओढली. पाच वर्षांत माझ्या हातून निघालेली ती सगळ्यात देखणी रेघ होती.

"तुझा सेन्सर उत्तम आहे," रेश्मा म्हणाली. "आपला झिरो आजारी आहे."

मला एकेक आठवायला लागलं. सर हल्ली जिन्यात मधल्या कट्ट्यावर थांबून, जो सापडेल त्याला प्रश्न विचारत. आम्हाला तो त्यांचा व्यासंग वाटायचा. दिवाळीपासून त्यांनी बूट सोडून ऐसपैस चपला घेतल्या होत्या, कारण बूट भारतीय हवामानाला योग्य नाहीत. त्यावर त्यांनी आम्हाला अर्धा तास सांगितलंही होतं.

आणि शनिवारी गड होता.

"उद्या सांगून टाक," रेश्मा म्हणाली.

"तू सांग. नवा झिरो तुझा आहे."

"प्रबंध तुझा आहे."

तोच तर प्रश्न होता. प्रबंधावर मार्गदर्शकाची सही लागते. पाच वर्षांत मी सरांच्या एकाही वाक्याला 'नाही' म्हटलं नव्हतं. आता पहिलंच 'नाही' त्यांच्या हृदयाबद्दल म्हणायचं होतं, आणि तेही सही व्हायच्या आधी.

गुरुवारी साप्ताहिक बैठक होती. मी विभागात चालत आलेला मार्ग पत्करला: पडद्यावर आलेख टाकला, नाव टाकलं नाही. नमुना क्रमांक सत्तेचाळीस, पुरुष, वय एकोणसाठ, पाच वर्षांत सात वेळा घेतलेलं रक्त.

सर मुंबईहून सकाळीच आले होते. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी आलेख पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला. निनावी आकड्यांच्या बाबतीत सरांसारखा वैज्ञानिक मी पुन्हा पाहिला नाही.

"वा! हा खरा पुरावा. हृदय हळूहळू थकत चाललंय आणि तुझा सेन्सर ते टप्प्याटप्प्यानं टिपतोय. पण हा माणूस हिंडतोय कसा?"

"हिंडतोय, सर."

"मूर्ख आहे. त्याला कुणी सांगितलंय की नाही?"

"अजून नाही, सर."

"अजून नाही?" सरांनी टेबलावर हात आपटला. "आवटी, तू पाच वर्षं माझ्या हाताखाली आहेस आणि तुला संशोधनाची नीतिमत्ता कळत नाही? उद्या हा माणूस कुठंतरी चालता चालता पडला तर? आत्ताच्या आत्ता जा आणि त्याला सांग. लाजू नकोस, भिऊ नकोस. तोंडावर सांग."

रेश्मानं माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडे पाहिलं.

"सर, तो झिरो आहे."

"कोण झिरो?"

"आपला. म्हणजे… आपण, सर."

दारात बसलेले विभागाचे परिचर शिरोळेमामा फायली लावत होते. त्यांचे हात थांबले. सरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि आलेख नव्यानं पाहिला. त्या एका मिनिटात त्याच्यात बऱ्याच चुका झाल्या.

"सीरम खराब झालंय. फ्रीजर मध्येच बंद पडतो."

"मग सगळे झिरो खराब व्हायला हवेत, सर," रेश्मा म्हणाली. "हे एकेक पायरी चढलेत."

"मुजावर, तू तिसऱ्या वर्षाला आहेस."

"हो, सर."

"मग तिसऱ्या वर्षासारखं बोल." सर उठले. "आंधळी चाचणी करू. पाच जणांचं ताजं रक्त. नळ्यांवर फक्त ए, बी, सी, डी, ई. कुठली नळी कुणाची, ते माझ्याकडच्या चिठ्ठीत राहील. मोजणाऱ्याला कळता कामा नये. विज्ञान असं असतं."

सिस्टर आल्या. सर, रेश्मा, मी, शिरोळेमामा आणि खुद्द सिस्टर, असे पाच जण. मला प्रयोगशाळेत कोंडलं. दुपारी नळ्या आल्या. ए, बी, डी, ई तळाशी चिकटून बसले. सी वर गेला. किती वर, ते मला यंत्राआधी ठाऊक होतं. झिरो-७ च्या आकड्यापेक्षा जेमतेम एका दशांशानं जास्त.

सरांच्या खोलीत सगळे जमले. सरांनी खिशातून चिठ्ठी काढली, माझ्या कागदाशेजारी धरली आणि वाचली. मग पुन्हा वाचली. ज्या माणसानं तीस वर्षांत एक आकडा इकडचा तिकडे केला नव्हता, त्याला मी घाम पुसताना पाहिलं.

"सी म्हणजे," सर म्हणाले, "शिरोळे."

सगळ्यांनी शिरोळेमामांकडे पाहिलं. मामांनी क्षणभर सरांकडे पाहिलं आणि उजवा हात छातीवर ठेवला.

"तरीच," ते म्हणाले. "दोन महिनं झालं, हितं कायतरी वळवळतंयच."

खोलीत एकदम मोकळं वाटलं, हे मला मान्य करायला हवं. आजार होता, पण तो योग्य वेतनश्रेणीत गेला होता. सर दिलदार माणूस, त्यांनी लगेच जाहीर केलं, "शिरोळे, घाबरायचं नाही. उद्या मी स्वतः तुला हृदय रुग्णालयात घेऊन जातो. परवाच्या गडाआधी तुझा निकाल लावू."

"आपण कशाला सर, मी जातो की एकला."

"नाही नाही."

"मग या. तुमी आल्याबिगर मी न्हाई जायचा. मला भ्या वाटतंय."

"आणि झिरो-सात, सर?" रेश्मानं विचारलं.

"ते सोमवारी बघू." सर माझ्याकडे वळले, आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ माझ्याकडे बघत राहिले. "आवटी, तुझ्या आकड्याशी जुळतंय, बरोबर ना? सी म्हणजे शिरोळे."

"बरोबर, सर."

"प्रबंध सोमवारी घेऊन ये. सही करून टाकतो."

"बरं, सर."

बाहेर आल्यावर रेश्मानं मला बोळात अडवलं. "मामा? लिक्विड नायट्रोजनचा कॅन रोज तीन मजले चढवून आणणारा मामा?"

"आंधळी चाचणी होती."

"तू ओळखलास ना आकडा?"

"हो."

"मग?"

"सोमवारी सही आहे."

"आणि परवा गड आहे," ती म्हणाली आणि सरांच्या खोलीकडे परत गेली. खोलीला कुलूप होतं. दोन किलोमीटर चालत घरी जाणारे सर त्या दिवशी रिक्षानं गेले होते. तिनं त्यांच्या घरी फोन केला. सरांच्या पत्नी म्हणाल्या, सर खुर्चीतच डोळे मिटून बसलेत, आणि कुणाशी बोलायचं नाही म्हणालेत.

शुक्रवारी दहा वाजता आम्ही चौघं हृदय रुग्णालयात होतो. डॉ. घोरपडे मॅडमची खोली दुसऱ्या मजल्यावर. समोर लिफ्ट उघडी होती. सर जिन्याकडे वळले.

"पेशंट लिफ्टनं जाईल," ते म्हणाले.

"मला लिफ्टचं भ्या वाटतं," मामा म्हणाले आणि सरांची बॅग, स्वतःची फाईल आणि पाण्याची बाटली घेऊन चढायला लागले. पहिल्या कट्ट्यावर सर थांबले. एक हात कठड्यावर, दुसरा कमरेवर.

"आवटी, धातूच्या… पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन… प्रकाशाला प्रतिसाद… कसे देतात?"

मी सविस्तर उत्तर दिलं. चार मिनिटं घेतली. रेश्मा भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिचे खांदे हलत होते, पण ती हसत नव्हती. मामा वरच्या पायरीवर फाईलनं वारा घेत थांबले होते.

डॉ. घोरपडे चाळिशीच्या, बारीक आवाजाच्या होत्या. आम्ही दारात दिसताच त्यांनी विचारलं, "पेशंट कोण?"

सरांनी मामांकडे बोट दाखवलं. बोलणं जमत नव्हतं.

"मीच," मामा म्हणाले. "पण बाई, आदी ह्यांना बसू द्या. माजं काय, मी हाये निवांत."

डॉक्टरांनी मामांकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या सरांच्या गळ्याकडे बघत होत्या, तिथली शीर कॉलरच्या वर उठून दिसत होती. "सर, जरा चप्पल काढता?"

"मी… सोबत आलोय."

"हो, हो. सोबतच आलात. चप्पल काढा."

त्यांनी वाकून सरांच्या नडगीवर अंगठा दाबला, जरा वेळ धरला आणि उचलला. कातडीत खड्डा पडला आणि तो तसाच राहिला. आम्ही पाच वर्षं रेणूच्या मापाचे खड्डे कोरत होतो. हा अंगठ्याच्या मापाचा होता. माझ्या सेन्सरला ह्याच निदानासाठी सोनं, पॉलिमर, एक यंत्र आणि दहा मिनिटं लागत.

"किती उशा घेता झोपताना?"

"तीन," सर म्हणाले. "वाचायला… सोईचं पडतं."

"आज ॲडमिट व्हायचंय."

"उद्या गड आहे आमचा."

"उद्या गड चढला असतात सर, तर ह्या पोरांनी तुम्हाला खांद्यावर खाली आणलं असतं," डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी घंटी वाजवली. चाकाची खुर्ची आली. सर त्या खुर्चीकडे बघत राहिले. मग मामांनी त्यांच्या दंडाला धरलं आणि सर मुकाट्यानं बसले.

मामांची तपासणीही झाली. पेशंट म्हणून नाव त्यांचंच होतं. अर्ध्या तासात ते अहवाल घेऊन बाहेरच्या बाकावर येऊन बसले. चेहरा उतरलेला.

"काय निघालं?" रेश्मानं विचारलं.

"नॉर्मल," मामा तोंड वाकडं करून म्हणाले. "मी काल पंधरा दिसांच्या रजेचा अर्ज टाकून बसलोय. आता काय लिवायचं त्यात?"

रेश्मा हसली आणि मग एकदम रडायला लागली. तिला पाणी आणायला म्हणून मी उठलो, तर मामा म्हणाले, "बसा वो आवटीसाहेब. पाणी हाये हितं." बाटली त्यांनीच वर आणली होती.

"मामा," मी विचारलं, "तुम्हाला खरंच वळवळत होतं?"

"सीची नळी सरांचीच व्हती. नळ्यांवर चिठ्ठ्या कुणी डकवल्या? मीच की. सर नुसतं बसून सांगत व्हतं, हे हिला लाव, ते तिला लाव. त्यांनी कवा स्वतः डिंकाला हात लावलाय व्हय?"

"म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं?"

"मग! मी म्हणलं, ह्यो मानूस स्वतःसाठी दवाखान्याची पायरी चढायचा न्हाई. माज्यासाठी चढंल. तर चढू दे."

"पण तुम्ही तिथंच बोलला का नाहीत?"

मामांनी बाटलीचं झाकण फिरवून घट्ट केलं.

"तुमी बोल्लात?"

एवढंच म्हणाले. टोमणा म्हणूनही नाही. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, असं वाटलं.

रविवारी सरांनी मला आत बोलावलं. छातीला तारा, उजव्या हाताला सलाईन. पायांची सूज उतरली होती आणि त्यामुळे ते एकाएकी लहान दिसत होते. मी प्रबंध घेऊन गेलो होतो. निर्लज्जपणा म्हणा हवं तर. मुदतीचे पंधराच दिवस राहिले होते.

सरांनी प्रबंधाकडे पाहिलं नाही.

"आवटी. सी कोण होता?"

मी तयारी करून गेलो होतो. 'शिरोळेमामा, सर,' असं म्हणायचं, सर डोळे मिटतील, सही होईल, आणि सगळं सुखरूप पार पडेल. तोंड उघडलं तेव्हा मात्र निघालं, "तुम्ही, सर."

"कधी कळलं?"

"यंत्रावर आकडा आला तेव्हाच."

"आणि मी सगळ्यांसमोर विचारलं तेव्हा तू काय म्हणालास?"

"बरोबर, सर."

"का?"

"सही व्हायची होती, सर."

सरांच्या पोटातून कुठूनतरी हसू फुटलं, डोक्यावरचं यंत्र ठणाणा करायला लागलं, आणि धावत आलेल्या नर्सनं मला बाहेर काढलं. दहा मिनिटांनी पुन्हा आत घेतलं, सरांनीच सांगितलं म्हणून.

"सगळे आकडे रेश्माचा झिरो धरून नव्यानं काढ," ते म्हणाले. "माझे सातही झिरो रुग्ण म्हणून परिशिष्टात घाल. आलेख चांगला आहे. आणि शिरोळेची माफी मागायची आहे. ते मी बघतो. तुझं तू बघ."

मी दहा दिवसांत आकडे बदलले. सरांनी, उजव्या हाताला अजून सुया होत्या म्हणून, डाव्या हातानं सही केली. तिसऱ्या दिवशी प्रबंध विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून परत आला. वर तांबड्या शाईत शेरा: मार्गदर्शकांची सही नमुना सहीशी जुळत नाही.

मी धावत गेलो. कारकुनानं कपाटातून नमुना सहीचं कार्ड काढून माझ्यापुढे धरलं. अकरा वर्षांपूर्वीची सही, उजव्या हाताची, ठसठशीत, खाली दोन रेघा ओढलेल्या.

"अहो, सर आजारी आहेत," मी म्हणालो. "आता त्यांची सही अशीच येते."

"आमच्याकडे जी आहे ती खरी," कारकून म्हणाला. "बाकीच्यांनी तिच्याशी जुळायचं असतं."

मुदतीचे दोन दिवस उरले होते. मी कार्डाची झेरॉक्स घेऊन रुग्णालयात परतलो. सरांनी ती बराच वेळ न्याहाळली, नर्सला सांगून उजव्या हाताची पट्टी सैल करून घेतली, आणि ईसीजीच्या पट्टीच्या कोऱ्या पाठीवर स्वतःची जुनी सही गिरवत बसले. पहिल्या चार फसल्या. पाचवीच्या वेळी त्यांनी श्वास रोखला, खाली दोन रेघा ओढल्या आणि झेरॉक्सशेजारी धरून मला विचारलं, "बघ रे. जुळतेय का?"

"थोडी कमी आहे, सर," मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा पेन उचललं.